माजी गुलामांच्या पेन्शनची नोंदणी : नॅशव्हिलच्या एका संघटनेचे प्रकरण, १८९७ ते १९१७

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात १८९७ साली एक संघटना रीतसर नोंदवली गेली. तिचे नाव लांबलचक होते : 'नॅशनल एक्स-स्लेव्ह म्युच्युअल रिलीफ, बाउंटी अँड पेन्शन असोसिएशन'. गुलामीत जन्मलेल्या आणि आता म्हातारपणाकडे झुकलेल्या कृष्णवर्णीय माणसांची गावोगावी नोंद करावी, त्यांच्या सह्याअंगठ्यांनिशी अमेरिकी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, पेन्शनची मागणी करावी आणि ती मिळेपर्यंत सभासदांनी एकमेकांच्या आजारपणाला व अंत्यविधीला हातभार लावावा, असे या संघटनेचे काम होते. वीस वर्षांत तिची सभासदसंख्या लाखांत गेली आणि अखेरीस तिच्या प्रमुख कार्यकर्तीला तुरुंगात जावे लागले. पुढील मांडणीत सामान्य सभासदांची नावे दिलेली नाहीत. ज्यांची नावे न्यायालयाच्या व सरकारच्या दप्तरात आहेत, तेवढ्याच व्यक्तींचा नामनिर्देश केला आहे.

पार्श्वभूमी

१८६५ साली अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांतले यादवी युद्ध संपले तेव्हा सुमारे ४० लाख माणसे गुलामीतून मोकळी झाली, परंतु मोकळे होताना त्यांच्या हाती जमीन, अवजारे किंवा रोकड यांपैकी काहीच आले नाही. उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये काढलेल्या हुकुमानुसार दक्षिणेच्या किनारपट्टीवर कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन राखून ठेवली होती. पण त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत करण्याचे धोरण स्वीकारले. मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी काढलेली बँक १८७४ साली बुडाली आणि हजारो खातेदारांची पै-पै साठवलेली रक्कम तिच्याबरोबर गेली. भरपाई ही कल्पना तेव्हाच्या सरकारला परकी होती असेही म्हणता येत नाही, कारण राजधानी वॉशिंग्टनमधील गुलामी एप्रिल १८६२ मध्ये रद्द झाली तेव्हा सरकारने माणसामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम मोजली होती. ती रक्कम मालकांना मिळाली.

याच काळात उत्तरेकडील सैन्यात लढलेल्या शिपायांच्या पेन्शनचा पसारा वाढत गेला. १८९० च्या कायद्याने अपंगत्वाच्या अटी सैल झाल्या आणि दोनतीन वर्षांतच पेन्शनदारांची संख्या दहा लाखांच्या आसपास पोहोचली. कृष्णवर्णीय शिपायांनाही कायद्याने हे पेन्शन लागू होते, म्हणून दक्षिणेतल्या खेड्यांत पेन्शन ही ऐकीव गोष्ट राहिली नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्याला टपालाने पैसे येतात आणि त्यासाठी साक्षीदार व प्रतिज्ञापत्रे लागतात, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. पुढे सरकारी अधिकाऱ्यांनी पेन्शनच्या मागणीला भोळ्या माणसांचे स्वप्न म्हटले, तेव्हा हा भाग त्यांनी सोयीने वगळला.

माजी गुलामांना पेन्शन द्यावे ही मागणी काँग्रेसमध्ये प्रथम नेली ती एका गोऱ्या माणसाने. वॉल्टर व्हॉन हे आयोवा राज्यातील काउन्सिल ब्लफ्स शहराचे माजी महापौर. नेब्रास्काचे प्रतिनिधी विल्यम कॉनेल यांच्याकरवी त्यांनी १८९० साली विधेयक मांडवले. म्हाताऱ्या माजी गुलामांच्या हाती पैसा आला की तो दक्षिणेतल्याच बाजारात खर्च होईल आणि युद्धाने खचलेला तो प्रदेश सावरेल, असा त्यांचा हिशेब होता. न्यायाचा मुद्दा त्यात दुय्यम होता. त्यानंतर आलेल्या विधेयकांत वयानुसार दर ठरलेले असत. सत्तरी ओलांडलेल्याला एकरकमी ५०० डॉलर आणि महिना १५ डॉलर, साठी ते सत्तरीतल्याला ३०० आणि १२, पन्नाशी ते साठीतल्याला १०० आणि ८, आणि पन्नाशीच्या आतल्याला फक्त महिना ४ डॉलर. या दरपत्रकामुळे प्रत्येक माणसाला आपले वय सांगणे आणि ते सिद्ध करणे भाग पडणार होते. ज्यांच्या जन्माची नोंद झालीच असेल तर ती मालकाच्या वहीत झाली होती, अशा माणसांपुढची ही अट होती.

प्रश्न

विधेयके मांडली जात होती आणि समित्यांत पडून राहत होती. कोणाला पेन्शन द्यायचे, अशी माणसे किती हयात आहेत आणि कुठे आहेत, याची यादी कोणत्याही सरकारी खात्याकडे नव्हती आणि ती करण्याची कोणाला निकडही वाटत नव्हती. शतकाच्या अखेरीस देशातल्या कृष्णवर्णीय लोकसंख्येपैकी साधारण पंचमांश माणसे गुलामीत जन्मलेली होती. त्यांतल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि वर्षागणिक त्यांची संख्या घटत होती.

दुसरी अडचण भामट्यांची होती. विधेयकाची बातमी पसरताच गावोगावी अशी माणसे फिरू लागली, जी स्वतःला सरकारचे प्रतिनिधी म्हणवीत, नाव लिहून घेण्याचे पैसे घेत आणि निघून जात. त्यामुळे प्रामाणिकपणे नोंदणी करणाऱ्यालाही पहिल्याच दिवसापासून संशयाचा सामना करावा लागणार होता, आणि तो संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही.

समोर असलेले मार्ग

नॅशव्हिलमध्ये ज्या दोघांनी पुढाकार घेतला त्यांपैकी आयझया डिकरसन हे शिक्षक व धर्मोपदेशक होते आणि त्यांनी पूर्वी व्हॉन यांच्यासाठी फिरतीचे काम केले होते. दुसऱ्या कॅली हाऊस. त्यांचा जन्म १८६१ च्या सुमारास टेनेसीच्या रदरफोर्ड काउंटीत गुलामीतच झाला होता. पतीच्या निधनानंतर कपडे धुऊन आणि शिवणकाम करून त्या पाच मुलांचा संसार चालवीत होत्या.

व्हॉन यांच्या पेन्शन क्लबांतच राहून काम करणे हा पहिला मार्ग होता. त्यात तयार यंत्रणा मिळत होती, पण सूत्रे आणि पैसा दोन्ही बाहेरच्या माणसाकडे राहणार होते. दुसरा मार्ग कृष्णवर्णीयांच्या प्रस्थापित नेतृत्वामागे जाण्याचा होता. तो बंदच होता म्हणायला हरकत नाही, कारण त्या वेळचे कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी आणि बहुतेक वृत्तपत्रे शिक्षण व मताधिकारावर भर देत होती आणि पेन्शनच्या मागणीकडे फसवणूक किंवा दिशाभूल म्हणून पाहत होती. तिसरा मार्ग प्रत्येकाने स्वतंत्रपणे सरकारच्या पेन्शन खात्याला पत्र लिहिण्याचा. अशी पत्रे शेकड्यांनी जात होती आणि असा कायदाच अस्तित्वात नाही, असे ठरीव उत्तर येत होते.

हाऊस आणि डिकरसन यांनी माजी गुलामांची स्वतःची, त्यांच्याच वर्गणीवर चालणारी संघटना काढायचे ठरवले. या निर्णयात मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग म्हणजे पेन्शनच्या मागणीला दिलेली परस्पर साहाय्याची जोड. पेन्शन मिळेल न मिळेल, पण दहा सेंटांच्या मासिक वर्गणीतून शाखेतल्या आजारी सभासदाचे औषधपाणी होत असे आणि मृत्यूनंतर त्याचा दफनविधी रीतीने होत असे. केवळ भविष्यातल्या आशेवर माणसे फार काळ वर्गणी देत नाहीत. ती इथे वर्षानुवर्षे देत राहिली, त्याचे एक कारण हे आहे.

नोंदणी प्रत्यक्षात कशी झाली

नोंदणीचे शुल्क २५ सेंट होते. प्रवासी प्रतिनिधी गावात येत, चर्चमध्ये सभा भरे, संघटनेचे उद्देश वाचून दाखवले जात आणि तिथेच शाखा स्थापन होऊन तिचे पदाधिकारी निवडले जात. सभासदाला छापील प्रमाणपत्र मिळे. कॅली हाऊस स्वतः दक्षिणेतली राज्ये फिरल्या. १८९८ साली नॅशव्हिलमध्ये राष्ट्रीय अधिवेशन भरले, त्यात त्यांची सहायक चिटणीस म्हणून निवड झाली. आज वाचताना त्यांचे हे फिरणे सोपे वाटेल, पण दक्षिणेत त्या दशकात कृष्णवर्णीयांवरील झुंडहल्ले शिगेला पोहोचले होते आणि रेल्वेच्या डब्यांपासून सगळीकडे वर्णभेदाचे कायदे लागू होत होते. अशा मुलखात एक विधवा परिटीण सभा घेत हिंडत होती.

सरकारी अंदाजानुसार सभासदसंख्या तीन लाखांच्या घरात गेली. एवढ्या माणसांची नोंद कोणत्याही पगारी यंत्रणेशिवाय झाली, ती धर्मोपदेशक, शाळेत गेलेली मुले आणि शाखांचे चिटणीस यांच्या हातून. माणसांनी सांगितलेल्या तपशिलांचा नमुना पेन्शन खात्याकडे गेलेल्या पत्रांत दिसतो : मी अमुक काउंटीत जन्मलो, अमुक माझा मालक होता, युद्ध सुटले तेव्हा मी साधारण इतका मोठा होतो. जन्मतारखेऐवजी युद्ध हाच काळ मोजण्याचा आधार होता. मालकाचे नाव सांगणे हा पुरावा होता, कारण त्या नावावरून जुनी मालमत्तेची दप्तरे तपासता आली असती. नोंदणीची ही पद्धत लोकांनी स्वतः शोधली होती आणि उपलब्ध साधनांत तिच्यापेक्षा चांगली पद्धत सुचवणे आजही अवघड आहे.

टपालबंदी आणि त्यानंतरचा निर्णय

पेन्शन खाते, टपाल खाते आणि न्याय खाते या तिन्हींनी संघटनेवर नजर ठेवली होती. पेन्शन खात्याच्या तपासनीसांची काळजी पैशांपुरती नव्हती. इतक्या माणसांना पेन्शन मिळाले नाही तर ती सरकारवर नाराज होतील आणि त्यांना आवरणे जड जाईल, ही धास्ती त्यांच्या अहवालांत उमटली आहे.

सप्टेंबर १८९९ मध्ये टपाल खात्याचे विधी अधिकारी हॅरिसन बॅरेट यांच्याकडून संघटनेविरुद्ध फसवणुकीचा आदेश निघाला. काँग्रेस असा कायदा करण्याची शक्यताच नाही, म्हणून त्यासाठी पैसे गोळा करणे हीच फसवणूक, असा त्यांचा तर्क होता. आदेशापूर्वी न्यायालयापुढे सुनावणी झाली नाही. आदेशाचा परिणाम मात्र तत्काळ झाला : संघटनेच्या व तिच्या पदाधिकाऱ्यांच्या नावे येणारी पत्रे अडवून त्यांवर 'फसवणूक' असा शिक्का मारला जाई व ती पाठवणाऱ्याकडे परत जात, आणि मनिऑर्डरी वटत नसत. मिसिसिपीतल्या एखाद्या शाखेच्या चिटणिसाने महिन्याची वर्गणी आणि नव्या सभासदांची यादी नॅशव्हिलला पाठवावी आणि काही दिवसांनी तेच पाकीट सरकारी शिक्क्यासह त्याच्या हाती यावे, असे घडू लागले. ज्या समाजाला सरकारी शिक्का म्हणजे काय ते नीट माहीत होते, त्याच्यावर याचा परिणाम काय झाला असेल, ते वेगळे सांगायला नको.

कॅली हाऊस यांनी टपाल खात्याला लेखी उत्तर दिले. तक्रारींच्या निवारणासाठी सरकारकडे अर्ज करण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे आणि संघटना तेवढेच करते आहे, असा त्यांचा मुद्दा होता. यापुढे काम थांबवणे, आदेशाला न्यायालयात आव्हान देणे किंवा शाखांच्या बळावर काम चालू ठेवणे, असे मार्ग त्यांच्यापुढे होते. त्यांनी शेवटचा मार्ग धरला. जानेवारी १९०० मध्ये सिनेटच्या समितीने पेन्शनच्या विधेयकावर प्रतिकूल अहवाल दिला. १९०१ साली डिकरसन यांना जॉर्जियात फसवणुकीबद्दल दोषी ठरवले गेले. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण बदनामी झाली ती झालीच. डिकरसन १९०९ साली वारले आणि संघटनेचा भार मुख्यतः कॅली हाऊस यांच्यावर आला.

कापूस-कराचा दावा

काँग्रेसचा रस्ता बंद झाल्यावर संघटनेने मागणीचे रूप बदलले. १८६२ ते १८६८ या काळात संघ सरकारने कापसावर कर बसवला होता आणि त्यातून ६ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली होती. हा कापूस पिकवणारे हात गुलामांचे होते, म्हणून तिजोरीतली ही मोजता येणारी रक्कम त्यांच्या न दिलेल्या मजुरीची आहे, अशी मांडणी कृष्णवर्णीय वकील कॉर्नेलियस जोन्स यांनी केली. १९१५ साली अर्थमंत्री विल्यम मॅकअडू यांच्याविरुद्ध राजधानीतल्या न्यायालयात दावा दाखल झाला. 'आम्हाला काहीतरी द्या' या मागणीचे 'अमुक रक्कम आमची आहे' या दाव्यात झालेले रूपांतर कायद्याच्या दृष्टीने मोठी झेप होती.

न्यायालयाने मागणीच्या योग्यायोग्यतेत शिरण्याचे टाळले. हा दावा नावाला मंत्र्याविरुद्ध असला तरी खरा सरकारविरुद्ध आहे, आणि सरकारच्या संमतीवाचून सरकारवर दावा लावता येत नाही, एवढ्या कारणावर तो फेटाळला गेला. १९१६ साली अपिलात आणि १९१७ साली सर्वोच्च न्यायालयात हाच निकाल कायम राहिला.

परिणाम

दाव्याच्या पुढच्याच वर्षी, १९१६ साली, टेक्सासचे ऑल्बर्ट बर्लसन टपालमंत्री असताना कॅली हाऊस यांच्यावर टपालाद्वारे फसवणुकीचा आरोप ठेवला गेला. पेन्शन मिळणारच अशी हमी संघटनेच्या परिपत्रकांतून दिली, असे सरकारचे म्हणणे होते. १९१७ साली नॅशव्हिलमध्ये केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मिझुरी राज्यातल्या जेफर्सन सिटीच्या तुरुंगात भोगली. चांगल्या वर्तणुकीमुळे १९१८ साली त्यांची सुटका झाली. त्यांनी गडगंज माया जमवल्याचे काहीही पुढे आले नाही. सुटकेनंतर त्या पुन्हा कपडे धुण्या-शिवण्याकडे वळल्या आणि १९२८ साली नॅशव्हिलमध्येच वारल्या.

पेन्शन कोणालाही मिळाले नाही. राष्ट्रीय पातळीवरची संघटना मोडली, काही ठिकाणच्या शाखा मात्र आजारपण आणि अंत्यविधीच्या मदतीपुरत्या पुढेही चालू राहिल्या.

काय वेगळे करता आले असते

पहिला प्रश्न पैशांच्या रचनेचा आहे. आजारपण-अंत्यविधीचा निधी आणि मागणीच्या चळवळीचा निधी एकाच वर्गणीतून येत होता. पहिल्याचा मोबदला सभासदाला प्रत्यक्ष मिळत होता, दुसऱ्याचा मिळेल की नाही ते कोणी सांगू शकत नव्हते. दोन्ही पावत्या वेगळ्या असत्या आणि शाखेच्या सभेत दरवर्षी जमाखर्च वाचला गेला असता, तर 'पैसे कशाचे घेतले' या सरकारी प्रश्नाला शाखेतल्या कोणत्याही सभासदाला उत्तर देता आले असते. तरीही या मुद्द्यावर फार भर देणे मला रास्त वाटत नाही. सरकारचा आक्षेप हिशेबातल्या चुकीवर नव्हता, मागणीच अशक्य आहे यावर होता, आणि तो आक्षेप चोख हिशेबानेही मिटला नसता.

दुसरा प्रश्न बोलण्यातल्या आश्वासनाचा. नॅशव्हिलमधून निघणाऱ्या मजकुरात जे सावधपणे लिहिलेले असे, ते चर्चमधल्या सभेत प्रतिनिधीच्या तोंडून येताना किती सावध राहत असेल याची शंका घेण्यास जागा आहे, कारण उत्साही प्रतिनिधीला 'आपण मागणी करत आहोत' यापेक्षा 'पेन्शन येणार आहे' हे वाक्य सोपे जाते. पैसे घेण्यापूर्वी, असा कायदा अजून झालेला नाही, हे एक वाक्य वाचून दाखवण्याची आणि ते ऐकल्याची खूण नोंदवहीत घेण्याची सक्ती करता आली असती. भामटे प्रतिनिधी ओळखण्यासाठीही हीच कसोटी उपयोगी पडली असती.

तिसरा प्रश्न न्यायालयाचा. टपालबंदीला लगेच आव्हान दिले गेले नाही. १९०२ साली मनाच्या शक्तीने आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या मिझुरीतल्या एका संस्थेविरुद्धचा असाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने अडवला. उपचार लागू पडतो की नाही हा मताचा प्रश्न आहे आणि मताच्या प्रश्नाला फसवणूक म्हणता येत नाही, असे कारण दिले. काँग्रेस एखादा कायदा करील की नाही हाही तसाच मताचा प्रश्न असल्याचा युक्तिवाद त्या निकालाच्या आधारे उभा करता आला असता. १९०४ साली त्याच न्यायालयाने टपाल खात्याचे हे अधिकार पुन्हा उचलून धरले, म्हणजे संधीची फट लहान होती. शिवाय त्या खर्चाचा वकील परवडला असता का, हा प्रश्न राहतोच. पण जो पैसा आणि कायद्याची जाण १९१५ च्या दाव्यात लावली गेली, त्यातला काही भाग आधी टपालाच्या हक्कासाठी लावला असता तर संघटनेचा रक्तप्रवाह सुरू राहिला असता, असे मला वाटते.

चौथी गोष्ट नोंदवह्यांची. नोंदणीचे सगळे मोल त्या याद्यांत होते, आणि त्या एका शहराकडे, एकाच टपालमार्गाने जात होत्या. प्रत्येक शाखेने आपल्या यादीची नक्कल चर्चच्या कपाटात ठेवली असती, वयाला दोन शेजाऱ्यांची साक्ष जोडली असती आणि मृत सभासदाच्या नावासमोर वारसाची नोंद केली असती, तर संघटना मोडल्यावरही दावा शाखांच्या हाती राहिला असता. या चळवळीबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातले बहुतांश अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या सरकारी तपासाच्या फायलींतून आले आहे, म्हणजे ज्यांनी ती दडपली त्यांच्याच दप्तरातून.

जपलेल्या कागदांचा उपयोग काय होतो, ते शंभर वर्षांनंतर एका ठिकाणी दिसले. इलिनॉय राज्यातल्या एव्हन्स्टन शहराने २०२१ साली घरांबाबतच्या वर्णभेदाच्या भरपाईसाठी अर्ज मागवले, तेव्हा १९१९ ते १९६९ या काळात शहरात राहत असलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या थेट वंशजांना पात्र धरले गेले. तिथेही वास्तव्याचा पुरावा जुळवण्याचे काम अर्जदाराकडे आले. पात्र ठरलेल्यांपैकी पहिल्या १६ जणांची निवड जानेवारी २०२२ मध्ये सोडतीने झाली, प्रत्येकी २५,००० डॉलरसाठी. त्या शहरातल्या स्थानिक कृष्णवर्णीय इतिहासाचा संग्रह करणाऱ्या माणसांनी आधीच्या काही दशकांत कागद जपून ठेवले होते, आणि शहराच्या धोरणांनी केलेल्या नुकसानीचा जो अहवाल या योजनेचा आधार ठरला, तो त्याच संग्रहावर उभा होता.